मृगातील तेजोमेघ आणि त्याला उजळणारा तारा: निरीक्षणाचा सविस्तर मार्गदर्शक

मृग नक्षत्रातील तीन ताऱ्यांच्या बाणाखाली असलेला एम ४२ हा तेजोमेघ आकाशाची आवड असलेल्या बहुतेकांनी एकदा तरी दुर्बिणीतून पाहिलेला असतो. परंतु हे पाहणे बहुधा ‘किती सुंदर’ या उद्गारापाशीच थांबते. प्रस्तुत लेखाचा हेतू त्यापुढे जाण्याचा आहे. या तेजोमेघातील जवळजवळ प्रत्येक उजळ कड आणि काळोखी खाच त्याच्या मध्याजवळच्या एकाच ताऱ्याशी जोडून वाचता येते. त्या ताऱ्याचा अतिनील प्रकाश कुठवर पोहोचतो, कुठे अडतो आणि शेजारच्या कमी तापमानाच्या ताऱ्यांना तेच काम का जमत नाही, हे एक मध्यम आकाराची दुर्बीण, दोन-तीन फिल्टर आणि साधा कॅमेरा यांच्या मदतीने स्वतः तपासता येते.

साहित्य फार लागत नाही. १०×५० किंवा ७×५० चा बायनॉक्युलर, १०० ते २०० मिलिमीटर व्यासाची कोणतीही दुर्बीण, यूएचसी (हायड्रोजन-बीटा आणि ऑक्सिजन या दोन्हींच्या रेषा जाऊ देणारा) आणि ओ-थ्री (फक्त ऑक्सिजनच्या हिरव्या रेषा जाऊ देणारा) हे दोन फिल्टर, लाल प्रकाशाचा टॉर्च, कोरी वही आणि मऊ शिशाची पेन्सिल एवढे पुरे. फक्त हायड्रोजन-बीटा रेषा जाऊ देणारा एच-बीटा फिल्टर मात्र मोजक्याच वस्तूंसाठी उपयोगी पडतो, म्हणून तो विकत घेण्यापेक्षा एखाद्या खगोलमंडळातील मित्राकडून एका रात्रीपुरता उसना घ्यावा. कॅमेऱ्याबाबत माझे मत असे आहे की पहिल्या हिवाळ्यात तो घरीच ठेवावा, कारण छायाचित्राच्या नादात डोळ्यांनी पाहण्याची सवय लागत नाही.

आधी थोडे भौतिकशास्त्र

हायड्रोजनच्या अणूतील इलेक्ट्रॉन मोकळा करण्यासाठी १३.६ इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा लागते. एवढी ऊर्जा ९१.२ नॅनोमीटर किंवा त्याहून कमी तरंगलांबीच्या प्रकाशकणात, म्हणजे फोटॉनमध्ये असते. त्यामुळे एखादा तारा वायूचे आयनीकरण, म्हणजे त्याच्या अणूंतील इलेक्ट्रॉन मोकळे करण्याचे काम, करू शकेल की नाही, हा प्रश्न त्या ताऱ्याच्या प्रकाशाचा किती भाग ९१.२ नॅनोमीटरच्या अलीकडे पडतो या प्रश्नावर येऊन ठेपतो.

येथे वीनचा नियम उपयोगी पडतो. २,८९८ या आकड्याला ताऱ्याच्या पृष्ठभागाच्या केल्विनमधील तापमानाने भागले की त्याच्या प्रकाशाचा कळस कोणत्या तरंगलांबीला आहे ते मायक्रोमीटरमध्ये मिळते. एम ४२ मधील मुख्य तारा थीटा-१ ओरायनिस सी हा सुमारे ३९,००० केल्विन तापमानाचा आहे. त्याचा कळस ७४ नॅनोमीटरला, म्हणजे सीमेच्या बराच आत येतो. ३०,००० केल्विनच्या ताऱ्याचा कळस ९७ नॅनोमीटरला, म्हणजे सीमेच्या किंचित बाहेर पडतो, तर २५,००० केल्विनच्या ताऱ्याचा ११६ नॅनोमीटरला. राजन्याचे तापमान सुमारे १२,००० केल्विन आहे आणि त्याचा कळस २४१ नॅनोमीटरला आहे. काक्षी तर ३,५०० केल्विनचा असल्याने त्याचा कळस थेट अवरक्तात जातो. ताऱ्याचा वर्णपट आदर्श कृष्णवस्तूसारखा तंतोतंत नसतो हे खरे, तरीही या ढोबळ हिशेबाने मुद्दा स्पष्ट होतो. मृगात डोळ्यांना सर्वांत ठळक दिसणारे दोन तारे आयनीकरणाच्या कामी जवळजवळ निरुपयोगी आहेत आणि ज्याच्याकडे सहसा कोणाचे लक्षही जात नाही, असा पाचव्या प्रतीचा (प्रतीचा आकडा जितका मोठा तितका तारा अंधुक) एक तारा सगळा मेघ उजळतो.

आयनीकरण झाले म्हणजे लगेच प्रकाश दिसला असे होत नाही. मोकळा झालेला इलेक्ट्रॉन फिरत फिरत एखाद्या प्रोटॉनकडून पुन्हा पकडला जातो आणि पायऱ्या उतरत खालच्या पातळीला येतो. या उतरणीत तिसऱ्या पातळीवरून दुसऱ्या पातळीवर येताना ६५६.३ नॅनोमीटरचा लाल प्रकाश, म्हणजे हायड्रोजन-अल्फा रेषा, आणि चौथीवरून दुसरीवर येताना ४८६.१ नॅनोमीटरची निळसर हिरवी हायड्रोजन-बीटा रेषा बाहेर पडते. वायू विरळ असल्याने हे पुनर्मीलन सावकाश होते. दर घनसेंटिमीटरला दहा हजार कण अशी एम ४२ च्या उजळ गाभ्याइतकी घनता धरली, तर त्याला साधारण १२ वर्षे लागतात, आणि हजार कण धरले तर सुमारे १२० वर्षे. म्हणजे मुख्य तारा अचानक विझला तरी गाभा एक-दोन दशकांत मंदावेल, पण बाहेरची पिसे आणखी शतकभर उजळ राहतील.

ऑक्सिजनची गोष्ट वेगळी आहे. दुहेरी आयनीभूत, म्हणजे दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनवर मोकळे इलेक्ट्रॉन आपटतात, तो उत्तेजित होतो आणि अर्ध्या मिनिटाहून अधिक काळ तसाच राहून मग ५००.७ आणि ४९५.९ नॅनोमीटरच्या हिरव्या रेषा देतो. पृथ्वीवरच्या प्रयोगशाळेतील वायूत एवढ्या अवधीत असंख्य टकरी होऊन ती ऊर्जा दुसरीकडेच निघून जाते, म्हणून या रेषा तेथे सहसा दिसत नाहीत. विल्यम हगिन्स यांनी १८६४ मध्ये एका तेजोमेघाच्या वर्णपटात त्या प्रथम पाहिल्या तेव्हा त्या कोणत्याही ज्ञात मूलद्रव्याशी जुळेनात, आणि पुढे ‘नेब्युलियम’ या काल्पनिक मूलद्रव्याच्या नावावर त्या अनेक दशके खपल्या. आयरा बोवेन यांनी १९२७ मध्ये हे कोडे सोडवले. निरीक्षकाच्या दृष्टीने त्यातील महत्त्वाची गोष्ट अशी की ऑक्सिजनचा दुसरा इलेक्ट्रॉन काढायला ३५.१ इलेक्ट्रॉनव्होल्ट, म्हणजे सुमारे ३५ नॅनोमीटरचा प्रकाश लागतो. हायड्रोजन उजळवू शकणारा प्रत्येक तारा हे करू शकत नाही. लेखातील मुख्य प्रयोग याच फरकावर उभा आहे.

मेघनाद साहा यांचे १९२० चे आयनीकरण-समीकरण येथे अनेकांना आठवेल. ताऱ्याच्या वर्णपटावरून त्याचे तापमान ठरवण्याचा पाया त्यानेच घातला आणि थीटा-१ सी ला ‘ओ’ या सर्वांत तप्त ताऱ्यांच्या वर्गात बसवताना ते अप्रत्यक्षपणे उपयोगी पडतेच. परंतु खुद्द तेजोमेघाला ते लावू नये. ते समीकरण औष्णिक समतोलातील वायूसाठी आहे, आणि तेजोमेघातील वायू दूरच्या ताऱ्याच्या प्रकाशाने आयनीभूत झालेला असल्याने तेथे तसा समतोल नसतो.

वेळ आणि जागा

एम ४२ खगोलीय विषुववृत्ताच्या सुमारे साडेपाच अंश दक्षिणेला असल्याने महाराष्ट्रातून तो फार सोयीचा आहे. पुण्याहून तो मध्यमंडलावर, म्हणजे दक्षिणेला आपल्या सर्वांत उंच जागी, येतो तेव्हा क्षितिजापासून ६६ अंश वर असतो आणि नागपूरहून ६३ ते ६४ अंश. युरोपातल्या निरीक्षकांना ही उंची कधीच मिळत नाही. मुंबई-पुण्याकडे डिसेंबरच्या मध्यावर तो मध्यरात्रीनंतर साडेबाराच्या सुमारास, जानेवारीच्या मध्यावर रात्री साडेदहाच्या सुमारास आणि फेब्रुवारीच्या मध्यावर साडेआठच्या सुमारास मध्यमंडलावर येतो. विदर्भात हीच वेळ वीस-पंचवीस मिनिटे आधीची धरावी. या वेळेच्या आगेमागे दोन तास हा उत्तम काळ होय.

अमावास्येच्या आसपासचे चार-पाच दिवस निवडावेत. शहराच्या गच्चीवरूनही गाभा आणि त्यातील चार तारे दिसतात, परंतु फिल्टरची तुलना करायची असेल तर काळोख हवाच. मुंबईकरांना वांगणी-नेरळचा परिसर ओळखीचा आहे. त्याहून गडद आकाश हवे असेल तर सह्याद्री ओलांडून भंडारदऱ्याकडे जावे. डोळे अंधाराला सरावण्यास किमान अर्धा तास लागतो आणि मोबाइलच्या एका नजरेने तो अर्धा तास वाया जातो.

पहिला टप्पा: नुसते डोळे आणि बायनॉक्युलर

दक्षिणेकडे तोंड करून उभे राहिल्यावर बाणाच्या तीन ताऱ्यांखाली तीन अंधुक ताऱ्यांची उभी ओळ दिसते. त्यातील मधला तारा इतरांसारखा टोकदार न दिसता पुसट, विस्कटलेला दिसतो. तोच एम ४२. त्याच्या अर्धा अंश खाली असलेला आयोटा ओरायनिस २.८ प्रतीचा, म्हणजे ओळीतील सर्वांत तेजस्वी तारा आहे. हा तारासुद्धा ‘ओ’ वर्गाचा आणि अतितप्त आहे, तरी त्याच्याभोवती एम ४२ सारखा झगमगाट नाही, कारण त्याच्या लगत तेवढा दाट वायूच नाही. तेजोमेघासाठी तप्त तारा आणि वायू या दोन्ही गोष्टी एकाच जागी लागतात, ही पहिली नोंद वहीत करावी.

बायनॉक्युलर तिपाईवर बसवून पाहावे. हाताच्या कंपाने निम्मे तपशील हरवतात. मधल्या ठिपक्यात आता दोन तारकागट वेगळे होतील. पश्चिमेचा थीटा-१ आणि त्याच्या आग्नेयेला थीटा-२, ज्यातील तारे पूर्वेकडे ओळीने मांडलेले दिसतात. थीटा-२ मधील मुख्य तारा ५.० प्रतीचा असून थीटा-१ सी हा ५.१ प्रतीचा आहे. दोघे डोळ्यांना सारखेच तेजस्वी दिसत असल्याने तेजोमेघ दोघे मिळून उजळत असावेत असा समज होतो, आणि हा या विषयातील सर्वांत सामान्य गैरसमज आहे. थीटा-२ चा मुख्य तारा ओ ९.५ वर्गाचा आहे, सी हा ओ ६ ते ओ ७ च्या दरम्यानचा (वर्गातील आकडा जितका लहान तितका तारा तप्त). दृश्य प्रकाशात फरक दिसत नसला तरी ९१.२ नॅनोमीटरच्या अलीकडे तापमानातील थोड्या घटीनेही फोटॉनची संख्या दहापटींहून अधिक घसरते. दृश्यप्रत पाहून आयनीकरण करणारा तारा ओळखू नये, हा नियम पुढे प्रत्येक तेजोमेघाला लावावा.

बायनॉक्युलरच्या याच चौकटीत वरच्या बाजूला, सुमारे अर्ध्या अंशावर, ४२ ओरायनिस हा ४.६ प्रतीचा तारा आणि त्याभोवतीचा पुसट पट्टा, म्हणजे एनजीसी १९७७, याची जागा पक्की करून ठेवावी. तो पुढे लागणार आहे.

दुसरा टप्पा: ट्रॅपेझियमचे चार तारे

दुर्बिणीत दिशा ओळखणे ही नवख्यांची मोठी अडचण असते. न्यूटोनियन दुर्बीण प्रतिमा १८० अंशांत फिरवते, तर आरसा-डायगोनल लावलेल्या भिंगाच्या दुर्बिणीत डावे-उजवे उलटते. म्हणून तक्ते आठवत बसण्यापेक्षा मोटर बंद करावी आणि तारे चौकटीतून ज्या बाजूला बाहेर सरकतात ती पश्चिम समजावी. मग नळी हाताने किंचित ध्रुवाकडे ढकलावी. ज्या बाजूने नवे तारे आत येतात ती उत्तर.

४० ते ६० पट वर्धनाला थीटा-१ चे चार तारे, म्हणजेच ट्रॅपेझियम, वेगळे दिसतात. पश्चिमेचा ए, उत्तरेचा बी, दक्षिणेचा सी आणि पूर्वेचा डी. सी सर्वांत तेजस्वी असल्याने चुकत नाही. त्याचे वस्तुमान सूर्याच्या तिसाहून अधिक पट आहे. त्याला एक निकटचा साथीदार आहे आणि सुमारे ११ वर्षांच्या कक्षेत ते दोघे एकमेकांभोवती फिरतात, पण ही जोडी आपल्या दुर्बिणीच्या आवाक्याबाहेरची आहे.

ए आणि बी हे दोन्ही पिधानकारी, म्हणजे साथीदाराआड जाऊन ठरावीक काळाने मंदावणारे तारे आहेत, आणि हा या तेजोमेघातील एक दुर्लक्षित आनंद आहे. बी हा बीएम ओरायनिस या नावानेही ओळखला जातो. त्याचा आवर्तकाल ६.४७ दिवस असून नेहमी सुमारे ७.९ प्रतीचा हा तारा पिधानात अर्ध्या प्रतीहून अधिक मंदावतो. ए चा आवर्तकाल ६५.४३ दिवसांचा आहे. एरवी ए आणि डी जवळपास सारखे, म्हणजे ६.७ प्रतीचे दिसतात. एखाद्या रात्री ए स्पष्टपणे डी हून फिका दिसला तर पिधान चालू आहे असे समजून वेळ नोंदवावी. एका हंगामात नियमितपणे ‘ए आणि डी यांत उजळ कोण’ एवढीच नोंद ठेवली तरी हाती काहीतरी लागते.

हवा स्थिर असेल आणि व्यास १५० मिलिमीटरच्या आसपास असेल, तर १५० ते २०० पट वर्धनाला ए जवळचा ई आणि सी जवळचा एफ शोधून पाहावा. दोघेही ११व्या प्रतीच्या आसपासचे असून आपापल्या तेजस्वी शेजाऱ्यापासून सुमारे ४ विकलांवर (विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग) आहेत. ई तुलनेने सोपा आहे; एफ सी च्या झगमगाटात बुडतो.

तिसरा टप्पा: मेघाचा आकार वाचणे

आता वर्धन पुन्हा ५० ते ८० पटींपर्यंत खाली आणावे आणि किमान वीस मिनिटे चित्र काढावे. चित्र सुंदर यावे ही अपेक्षा नाही. पेन्सिल हातात असली की डोळा कड शोधू लागतो.

चित्र काढण्यापूर्वी मनात एक रचना पक्की असावी. तारा एका पोकळ गोल मेघाच्या मधोमध आहे, अशी समजूत करून घेऊ नये. मागे एक प्रचंड, थंड, काळा रेणूमेघ आहे. थीटा-१ सी त्या मेघाच्या आपल्याकडील पृष्ठभागापासून एक प्रकाशवर्षाहूनही कमी अंतरावर पुढे आहे आणि त्याच्या अतिनील प्रकाशाने तो पृष्ठभाग खोलगट कोरला जात आहे. तापलेला वायू आपल्या बाजूने मोकळा वाहून जातो, म्हणूनच आपल्याला आतले दिसते. आपल्यापासून सुमारे १,३०० प्रकाशवर्षांवरचे हे दृश्य म्हणजे एका काळ्या भिंतीत पडलेली तेजस्वी खळगी होय.

ही रचना लक्षात ठेवून ट्रॅपेझियमच्या आग्नेयेला सुमारे २ कलांवर (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) पाहावे. तेथे ईशान्य-नैऋत्य गेलेली एक सरळ, उजळ पट्टी दिसते; तिला ओरायन बार म्हणतात. खळगीचा पृष्ठभाग येथे वळून आपल्याकडे उभा राहतो, त्यामुळे आपली नजर आयनीभूत थराच्या कडेकडेने जाते आणि तो थर एकवटलेला दिसतो. पट्टीची कोणती कड धारदार आहे ते नीट पाहून ठेवावे. थीटा-२ चे तारे पट्टीच्या लगेच पलीकडे असल्याने ती त्यांनीच उजळली असावी असे वाटते. प्रत्यक्षात तिला उजळणारा प्रकाश प्रामुख्याने ट्रॅपेझियमकडून येतो.

दुसरी खूण म्हणजे पूर्व-ईशान्येकडून ट्रॅपेझियमच्या दिशेने घुसलेली काळी खाच. इंग्रजी निरीक्षकांनी तिला माशाचे तोंड म्हटले आहे. तिथे वायू उजळलेला नाही असे नव्हे, तर त्याच्या पुढे, आपल्या आणि त्याच्या मध्ये, उदासीन वायू आणि धूळ यांचा जाड पडदा आहे. म्हणजे एकाच दुर्बिणीच्या चौकटीत ‘प्रकाश येथे आडवा अडला’ आणि ‘प्रकाश येथे झाकला गेला’ अशी दोन वेगवेगळी प्रकरणे शेजारी शेजारी दिसतात. पट्टी आणि खाच यांतला हा फरक चित्रावर शब्दांत लिहून ठेवावा.

रंगाबद्दल थोडे. मोठ्या दुर्बिणीत गाभा फिकट हिरवा दिसतो आणि छायाचित्रातला गुलाबी रंग कुठेच दिसत नाही, याने अनेकांचा विरस होतो. अंधाराला सरावलेला डोळा ५०७ नॅनोमीटरच्या आसपास सर्वाधिक संवेदनशील असतो, आणि ऑक्सिजनची प्रमुख रेषा अगदी त्याच्या लगत आहे. ६५६ नॅनोमीटरच्या लाल प्रकाशाला मात्र तो जवळजवळ आंधळा असतो. मेघात लाल प्रकाश भरपूर आहे. तो पाहण्याचे इंद्रिय अंधारात आपल्याकडे नाही, एवढेच.

चौथा टप्पा: फिल्टरची कसोटी

हा भाग सावकाश करावा, कारण सबंध लेखातील खरा प्रयोग हाच आहे. एकाच शेजारात तीन मेघ आहेत आणि त्यांना उजळणारे तीन तारे वेगवेगळ्या तापमानांचे आहेत. एम ४२ ला थीटा-१ सी, सुमारे ३९,००० केल्विन. त्याच्या उत्तर-ईशान्येला काळ्या पट्ट्यापलीकडे असलेल्या स्वल्पविरामासारख्या एम ४३ ला एनयू ओरायनिस हा बी ०.५ वर्गाचा तारा, सुमारे ३०,००० केल्विन. आणि त्याच्याही उत्तरेला असलेल्या एनजीसी १९७७ ला ४२ ओरायनिस हा बी १ वर्गाचा तारा, सुमारे २५,००० केल्विन. एडविन हबल यांनी १९२२ मध्ये दाखवून दिले की मेघ स्वतःचा प्रकाश देणार की ताऱ्याचा प्रकाश परावर्तित करणार हे ताऱ्याच्या वर्गावर ठरते, आणि ही सीमा बी १ च्या आसपास पडते. आपल्याला हीच सीमा डोळ्यांनी ओलांडायची आहे.

कमी वर्धनाचा, ३० ते ५० पटींचा आयपीस लावावा. फिल्टर आयपीसला फिरवून बसवू नये; कडेला धरून डोळा आणि आयपीस यांच्यामध्ये आत-बाहेर सरकवावा. असे केल्याने फिल्टरसह आणि फिल्टरविना दिसणारी दृश्ये क्षणार्धात आलटूनपालटून येतात आणि स्मरणावर विसंबावे लागत नाही. प्रत्येक वेळी मेघाची तुलना जवळच्या ताऱ्यांशी करावी: तारे सर्व रंगांत प्रकाशत असल्याने ते प्रत्येक फिल्टरने मंदावतातच. मेघ ताऱ्यांइतकाच मंदावला तर त्याचा प्रकाश ताऱ्यासारखा सलग आहे. ताऱ्यांपेक्षा कमी मंदावला, किंवा उलट उठून दिसला, तर त्याचा प्रकाश त्या फिल्टरच्या रेषेत एकवटलेला आहे.

प्रथम ओ-थ्री फिल्टर एम ४२ वर धरावा. आकाश काळे पडते, तारे विझू लागतात आणि मेघाचे पंख आधीपेक्षा दूरवर पसरलेले दिसतात. येथे ३५ नॅनोमीटरचे फोटॉन मुबलक आहेत, याचा हा डोळ्यांदेखत मिळणारा पुरावा.

लगेच नळी किंचित उत्तरेला सरकवून तोच फिल्टर एम ४३ वर धरावा. तो एम ४२ सारखा उठून येत नाही, उलट खचतो. आता एच-बीटा फिल्टर धरावा: एम ४३ टिकून राहतो आणि त्याची कड अधिक स्पष्ट होते, तर एम ४२ चे पंख आखडलेले दिसतात. अर्थ सरळ आहे. एनयू ओरायनिसजवळ हायड्रोजनचा इलेक्ट्रॉन काढण्याइतके फोटॉन आहेत, ऑक्सिजनचा दुसरा इलेक्ट्रॉन काढण्याइतके फारसे नाहीत. वर्णपटमापक न वापरता, दोन काचांच्या मदतीने, दोन ताऱ्यांच्या तापमानातला फरक आपण ओळखला.

शेवटी एनजीसी १९७७. यूएचसी असो वा ओ-थ्री, दोन्ही फिल्टरने तो ताऱ्यांबरोबरच मंदावतो आणि फिल्टर काढल्यावरच बरा दिसतो, कारण त्याचा बहुतांश प्रकाश धुळीवरून परावर्तित झालेला आहे. हायड्रोजनचा थोडासा लाल प्रकाश तेथेही आहे, पण तो छायाचित्रातच पकडता येतो. हा मेघ मुळात अंधुक असल्याने शहराजवळून ही तिसरी तुलना करण्याचा आटापिटा करू नये; निष्कर्ष फसवा निघतो.

पाचवा टप्पा: कॅमेरा आणि ग्रेटिंग

छायाचित्र काढायचेच असेल तर एका गोष्टीचे भान हवे: गाभा आणि कडेची पिसे यांच्या तेजात इतका फरक आहे की एकाच एक्स्पोजरमध्ये दोन्ही मावत नाहीत. माग घेणारे माउंट असल्यास ५, ३० आणि १२० सेकंदांचे वेगवेगळे संच घेऊन नंतर जुळवावेत, म्हणजे ट्रॅपेझियमचे तारे पांढऱ्या डागात बुडणार नाहीत. साध्या डीएसएलआरच्या आतला फिल्टर हायड्रोजन-अल्फाचा बराचसा प्रकाश अडवतो. त्यामुळे रंग अपेक्षेपेक्षा फिका आला तर संगणकावर लाल रंग बेसुमार वाढवू नये. व्हाइट बॅलन्स दिवसाच्या प्रकाशावर ठेवला की रंगांची तुलना निदान प्रामाणिक राहते.

याहून शिकवणारा प्रयोग म्हणजे ५० मिलिमीटरच्या लेन्सपुढे दर मिलिमीटरला १०० रेषांचे ग्रेटिंग, म्हणजे प्रकाश रंगांत फोडणारी बारीक रेघांची पट्टी, लावणे. तारे त्यातून लांब, सलग रंगीत पट्ट्यांसारखे पसरतात. एम ४२ मात्र पट्टी न होता सुट्या डागांत विभागतो: मूळ प्रतिमेपासून सुमारे २.९ अंशांवर ऑक्सिजनचा हिरवा-निळा डाग आणि ३.८ अंशांवर हायड्रोजनचा लाल डाग. संवेदकावर हे अंतर अनुक्रमे सुमारे अडीच आणि सव्वातीन मिलिमीटर होते. हायड्रोजन-बीटा ऑक्सिजनच्या इतक्या जवळ पडते की एवढ्या लेन्सने ती वेगळी निघत नाही. ग्रेटिंग अशा रीतीने फिरवावे की वर्णपट पूर्व-पश्चिम पसरतील. उत्तर-दक्षिण ठेवल्यास आयोटा आणि ४२ ओरायनिस यांच्या पट्ट्या नेमक्या तेजोमेघाच्या डागांवरून जातात आणि सगळा गोंधळ होतो. माउंट नसेल तर चार-पाच सेकंदांची बरीच छायाचित्रे घेऊन एकत्र करावीत.

सहावा टप्पा: कागदावरची आकडेमोड

बेंग्ट स्ट्रॉमग्रेन यांनी १९३९ मध्ये मांडलेला विचार साधा आहे. तारा दर सेकंदाला जितके आयनकारी फोटॉन बाहेर टाकतो, तितकीच पुनर्मीलने दर सेकंदाला ज्या आकारमानात होतात, तेवढाच प्रदेश आयनीभूत राहतो. सूत्र असे: फोटॉनसंख्येची तिप्पट घ्यावी, तिला ४ π, पुनर्मीलन-गुणांक आणि घनतेचा वर्ग यांच्या गुणाकाराने भागावे, आणि घनमूळ काढावे. गुणांक २.६ गुणिले १० चा उणे १३वा घात घ्यावा आणि घनता दर घनसेंटिमीटरला किती कण अशी मोजावी. उत्तर सेंटिमीटरमध्ये येते.

थीटा-१ सी साठी दर सेकंदाला १ वर ४९ शून्ये एवढे फोटॉन ढोबळमानाने धरले, तर १०० कणांच्या घनतेला त्रिज्या सुमारे १० प्रकाशवर्षे येते, १,००० कणांना सुमारे २.२ आणि १०,००० कणांना जेमतेम अर्धे प्रकाशवर्ष. आता प्रत्यक्षाशी ताडून पाहावे. आकाशात मेघाचा पसारा सुमारे एक अंशाचा आहे. १,३०० प्रकाशवर्षांवर एक अंश म्हणजे सुमारे २३ प्रकाशवर्षे, अर्थात त्रिज्या साडेअकरा. गाभ्याच्या घनतेने काढलेले उत्तर यापेक्षा फारच लहान आणि विरळ वायूचे उत्तर बरेच जवळचे येते. मेघ सर्वत्र सारख्या घनतेचा नाही, मागे तो दाट भिंतीला टेकलेला आहे आणि पुढे मोकळा वाहतो आहे, हे तिसऱ्या टप्प्यात डोळ्यांनी पाहिलेले चित्र येथे आकड्यांतून पुन्हा निघते. फोटॉनसंख्या दहापट कमी करून हेच गणित पुन्हा करावे. त्रिज्या निम्म्याहून थोडी खाली येईल.

पुढची लक्ष्ये

ही पद्धत एकदा हाती बसली की त्याच रात्री मृगाच्या पूर्वेकडील एकशृंग तारकासमूहात रोझेट तेजोमेघ घ्यावा. तो सुमारे ५,००० प्रकाशवर्षांवर असून त्याच्या मधोमध एनजीसी २२४४ हा तारकागुच्छ आहे. यातील सर्वांत तप्त तारे थीटा-१ सी हूनही तप्त असून त्यांच्या वाऱ्याने मेघाचा मध्यभाग पोकळ करून टाकला आहे. बायनॉक्युलरपुढे यूएचसी फिल्टर धरला तर गडद आकाशातून हे कडे दिसते. फिल्टरविना बहुधा फक्त गुच्छच दिसतो. पावसाळा येण्यापूर्वी, मे महिन्यातील उत्तररात्री, धनु राशीतील लगून तेजोमेघ, म्हणजे एम ८, दक्षिणेला चांगल्या उंचीवर असतो. तेथे ९ सॅजिटॅरी हा तारा मोठा पसारा उजळतो, तर अवरग्लास नावाचा छोटा तेजस्वी भाग हर्शेल ३६ या दुसऱ्याच ताऱ्याच्या ताब्यात आहे. कोणता भाग कोणाचा हे ठरवताना आधी ओ-थ्री, मग एच-बीटा, आणि दोन्हींच्या नोंदी एकाच चित्रावर दोन वेगळ्या रंगांच्या पेन्सिलींनी कराव्यात.